झाडीपट्टीचं नाटक पाहायला जायचंय? थंडीतल्या एका रात्रीची पूर्ण तयारी

धान कापून झालं, पुंजणे (धानाचे ढीग) चुरून म्हणजे मळून झाले, घरात चार पैसे आले आणि बांद्या (धानाची बांधाची शेतं) रिकाम्या झाल्या, की आमच्या झाडीत माणसं भेटल्याबरोबर एकच गोष्ट विचारतात, "यंदा तुमच्या गावी नाटक कोणतं जी?" तब्येत, पीकपाणी, पोरांची शाळा हे सगळं त्याच्या मागून येतं.

माझं माहेर लाखांदूर तालुक्यात. लग्नानंतर नागपूरला आले, तिथंच नोकरी धरली. गेली बारा-तेरा वर्षं दर हिवाळ्यात मी माहेरी नाटकाला जाते आणि जाताना कुणाला ना कुणाला सोबत नेते. कधी ऑफिसच्या मैत्रिणी, कधी शेजारचं कुटुंब, एकदा तर मुलाच्या कॉलेजातली सात पोरं. यातल्या बहुतेकांनी ताडोब्याचा वाघ पाहिलेला होता, पण ताडोब्याच्या पलीकडे रात्र-रात्र चालणारी एक अख्खी रंगभूमी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे चार जिल्हे म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी ते होळी इथं रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात पडदा उघडतो. ज्यांचं या भागात कुणी नाही त्यांना नीट जाता यावं, म्हणून पहिल्यापासून सगळं सांगते.

महिना आधी ठरवा

मोसमाचे ढोबळ दोन भाग आहेत आणि दोन्हींची मजा वेगळी आहे.

पहिला भाग मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचा. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवसापासून भंडारा-गोंदियाकडच्या गावांत मंडई भरायला लागते. आज या गावी, उद्या त्या गावी. गोवारी बांधव ढाल घेऊन नाचत येतात, जिलेबीच्या कढया चढतात, तलावातले ताजे शिंगाडे ढिगाने विकायला असतात आणि सासरी गेलेल्या लेकी भाऊबीजेच्या निमित्तानं गावातच असतात. दिवसा दंडार आणि खडी गंमत हे लोकखेळ, रात्री नाटक. खडी गंमत पाहायची असेल तर मंडईच्या दिवसांतच या. शाहीर, त्याचे साथीदार आणि लुगडं नेसलेला नाच्या सगळे उभ्यानं खेळ करतात, म्हणून ती 'खडी'. त्याला ना पडदा लागतो ना स्टेज. डफ-ढोलकी वाजली की माणसं गोल करून उभी राहतात. हा खेळ दरवर्षी थोडा-थोडा कमी दिसतो, त्यामुळे समोर आला तर पाच मिनिटांत पुढं सरकू नका. शाहिराला सवाल-जवाबात रंगायला वेळ लागतो. अर्धा तास थांबलात तर त्याची खरी तयारी कानी पडेल.

दुसरा भाग शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा. संक्रांतीच्या आगेमागे सुरू होतो आणि महाशिवरात्रीपर्यंत जोरात चालतो. दिवसा बैलांचा पट आणि रात्री नाटक अशी जोडी ठरलेली. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी सांगते. तोवर चुरणं आटोपलेलं असतं, कास्तकार मोकळा असतो आणि गावात पाहुण्यांसाठी वेळ असतो. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीच्या सुरुवातीला थंडी फार कडक पडते, गोंदियाकडे पारा कैकदा दहाच्या खाली जातो. लहान मुलं सोबत असतील तर फेब्रुवारीच बरा.

गाव आणि नाटक शोधणं

सगळ्यात जास्त माणसं इथंच अडतात, कारण या नाटकांची जाहिरात शहराच्या पेपरात क्वचितच येते.

झाडीपट्टीच्या नाटकांचा कारभार मुख्यतः वडसा, म्हणजे देसाईगंज इथून चालतो. गडचिरोली जिल्ह्यातलं हे गाव. इथं नाट्य कंपन्यांची कार्यालयं आहेत. मोसमात बाजाराच्या रस्त्यानं चालत गेलात तर एकामागून एक बोर्ड दिसतात, बाहेर पोस्टरं लटकलेली असतात आणि आत गावोगावची मंडळं बसून तारखा पक्क्या करत असतात. गावचं मंडळ इसार देऊन नाटक ठरवतं आणि मग कंपनी कलावंत, पडदे, कपडे, लाइट, माईक सगळं घेऊन त्या गावी पोचते. अशा कार्यालयात जाऊन "पुढच्या शनिवारी तुमचं नाटक कुठं आहे?" असं सरळ विचारलंत तर कुणी नाही म्हणत नाही, वही उघडून सांगतात. चंद्रपूर जिल्ह्यातलं सिंदेवाही तालुक्यातलं नवरगावही नाटकासाठी जुनं आणि मानाचं गाव आहे.

वडशाला जाणं जमत नसेल तर पॉम्प्लेट, म्हणजे नाटकाचं छापील जाहिरातपत्रक, गाठायचं. पानठेले, एसटी स्टँडच्या भिंती, सलूनची दुकानं इथं ती चिकटवलेली असतात. आता बहुतेक पॉम्प्लेटं व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरतात. ऑफिसात, सोसायटीत, मुलांच्या शाळेत ब्रह्मपुरी, अर्जुनी, आरमोरी, कुरखेडा, साकोलीकडचं एक तरी माणूस निघतंच. त्याला म्हणा, "तुमच्याकडचं नाटकाचं पॉम्प्लेट आलं की मला टाका." चार दिवसांत दहा येतील.

आता पॉम्प्लेट वाचायचं कसं ते सांगते, कारण यावरच सगळी ट्रिप अवलंबून आहे.

सगळ्यात वर निमित्त असतं: शंकरपट, मंडई, यात्रा. मोठ्या रंगीत अक्षरांत नाटकाचं नाव, त्याखाली 'तीन अंकी' वगैरे. मग फोटो. हिरो, हिरोईन, खलनायक आणि विनोदी कलाकार. नृत्याच्या कलाकारांचे फोटो वेगळे असतात, पुष्कळदा मोठेही असतात. खाली स्थळ, तिकिटांचे दर आणि मंडळाच्या लोकांचे मोबाइल नंबर. तुम्हाला कामाचं सगळं या खालच्या भागात आहे.

पहिली गोष्ट, वर्ष पाहा. एका वर्षी नात्यातल्या ग्रुपवर आलेल्या पॉम्प्लेटवर विसंबून मी दोन मैत्रिणींना घेऊन संध्याकाळी एका गावी पोचले. बांदी मोकळी. ना मंडप, ना भोंगा. पॉम्प्लेट मागच्या वर्षीचं होतं. तारीख होती, महिना होता, साल छापलेलंच नव्हतं. आम्ही रस्त्यावर उभ्या असताना एका घरातून एक आबाजी आले. काय झालं ते ऐकून आम्हाला अंगणात बसवलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला. चहा होईपर्यंत त्यांनी तीन ठिकाणी फोन लावले, पाच-सहा कोसांवर पट आहे आणि रात्री नाटक आहे हे पक्कं केलं आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. नातवाला मोटरसायकलवर पुढं दिलं, तो थेट मंडपापर्यंत आला. त्या माणसाचं आणि माझं काही नातं नव्हतं. तेव्हापासून मी मंडळाच्या नंबरावर फोन केल्याशिवाय नागपूर सोडत नाही. तुम्हीही फोन करा, आदल्या दिवशी एकदा आणि निघताना एकदा.

दुसरी गोष्ट, तालुका पाहा. आमच्याकडे एका नावाची तीन-तीन, चार-चार गावं असतात. कुठं मागं 'तुकूम' लागतं, कुठं 'टोला', कुठं 'माल', कुठं 'चक', कुठं नुसतं कंसात एक अक्षर. मोबाइलच्या नकाशात नुसतं नाव टाकलंत तर भलत्याच जिल्ह्यात जाल.

तिसरी गोष्ट, तारीख म्हणजे कोणती रात्र ते समजून घ्या. नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि उजाडताना संपतं. पॉम्प्लेटवर शनिवार असेल तर शनिवारी दुपारी गावात पोचायचं आणि रविवारी सकाळी निघायचं. रविवारची सुटी झोपेला धरून ठेवा.

मोठ्या पटाच्या गावी एकाच रात्री दोन-तीन नाटकं असतात, प्रत्येकाचा मंडप वेगळा. मग कोणतं पाहायचं? पोस्टरपेक्षा गावातल्या बायांना विचारा. कोणत्या नाटकात कथा चांगली आहे, कुणाचं काम पाहून मागच्या वर्षी रडू आलं, हे त्यांना बरोबर माहीत असतं. चौकातल्या पोरांना विचारलंत तर ते नाचाचं सांगतील. तुम्हाला काय पाहायचंय त्यावर कुणाला विचारायचं ते ठरवा.

जायचं कसं आणि राहायचं कुठे

नागपूरहून गाडीनं उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असं वडशाला यायला साडेतीन तास धरा. रेल्वेनं यायचं तर गोंदिया-चंद्रपूर मार्गावर अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही ही स्टेशनं लागतात आणि सगळीच नाटकाच्या मुलखातली आहेत. स्टेशनापासून गावापर्यंत मात्र स्वतःची सोय हवी. दिवसा एसटी आणि काळीपिवळी मिळते, अंधार पडल्यावर काहीच खात्री नाही.

एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. रात्री परतायचा विचार करू नका. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीच्या जंगलात वाघांचा वावर मोठा आहे, आणि रस्ता जंगलातूनच जातो. शिवाय पहाटे नदी-तलावाच्या बाजूनं धुकं इतकं दाट असतं की दहा हातांवरचं दिसत नाही, आणि मागं लाइट नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली अचानक पुढं येते. आमच्याकडचे लोक नाटक सकाळपर्यंत पाहतात त्यात आवड आहेच, पण उजाडल्यावर सुखरूप घरी जाता येतं हेही आहे. मोटरसायकलनं तर येऊच नका.

राहायला पहिली पसंती कुणाच्या तरी घरी. ओळख काढा, लाजू नका. पटाच्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी दहा-पंधरा पाहुणे असतात, त्यात तुम्ही चार कुणाला जड होत नाही. अंगणात तणीस (धानाचा पेंढा) अंथरून वर सतरंजी टाकलेली असते, दुपारी तिथं आडवं व्हायचं. जाताना रिकाम्या हाती जाऊ नका. मी घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी संत्री नेते, कारण आमच्या धानाच्या मुलखात संत्रा पिकत नाही आणि त्याचं अप्रूप असतं. मुलांना खाऊ. घरधनिणीच्या हातात पैसे ठेवू नका, तिला वाईट वाटेल. ठेवायचेच तर लहान लेकराच्या हातात ठेवा, ते चालतं.

ओळख नसेल तर वडसा किंवा ब्रह्मपुरीला लॉज आहेत. आदल्या दिवशी येऊन तिथं झोप काढा, दुपारी गावात जा, रात्रभर नाटक पाहा आणि सकाळी परत लॉजवर या. असं करायचं तर खोली दोन रात्रींची धरावी लागते.

पिशवीत काय

माणशी एक जाड ब्लँकेट, कानटोपी, पायमोजे. स्वेटर दिवसा अंगावर नको वाटतो म्हणून गाडीत राहतो आणि रात्री दोनला आठवतो, तो आधीच जवळ ठेवा. त्याहून महत्त्वाची ताडपत्री किंवा प्लॅस्टिकची बोरी, म्हणजे पोतं. बांदीतली जमीन वरून कोरडी दिसते, पण पहाटे दव पडतं आणि खालून ओल चढते. सतरंजी कितीही जाड असो, ती भिजते. बोरी खाली, सतरंजी वर. टॉर्च हवाच, कारण लघवीला धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, अंधारात जावं लागतं. बायांनी हे आधी ठरवून घ्यावं. मंडपाजवळ सोय नसेल तर ज्या घरी उतरला आहात तिथं मध्यंतरात जाऊन यायचं, दोघी-तिघी मिळून. सुट्ट्या नोटा भरपूर ठेवा. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं आणि मग ऑनलाइन पैसे जात नाहीत.

दुपारी पट

गावात दुपारी बाराच्या आधी पोचा. पटाचं मैदान सापडायला पत्ता लागत नाही. लाउडस्पीकरवर जोड्यांची नावं पुकारत असतात, तिकडं चालू लागायचं.

सरळ लांब पट्टी आखलेली असते. हलक्या छकड्याला बैलांची जोडी, वर हाकणारा एकटा धुरकरी. कुठं दोन जोड्या एकदम सुटतात, कुठं एक-एक जोडी सोडून घड्याळावर वेळ लावतात. सगळा खेळ काही सेकंदांचा, पण सुटायच्या आधीची पाच मिनिटं पाहण्यासारखी असतात. मागच्या वर्षी मी सुरुवातीच्या टोकाजवळ उभी होते. एक पांढरी जोडी जुंपायला आणली. डावीकडचा बैल थरथरत होता. मालक, पन्नाशीचा माणूस, त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन हळू काहीतरी बोलत राहिला आणि तळहातानं वशिंडापासून पाठीपर्यंत एकाच लयीत हात फिरवत राहिला. बैलाची कातडी आधी थरथरली, मग हळूहळू शांत झाली. तो बाजूला झाला आणि झेंडा पडला.

सर्वोच्च न्यायालयानं मे 2014 मध्ये या शर्यतींवर बंदी घातली होती. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं पट भरतो आणि बैलाला काठी-चाबूक लावणं, त्याला इजा करणं नियमात बसत नाही. कुठं तसं होताना दिसलं तर मंडळाच्या माणसाला जाऊन सांगा. बैलावर जीव असलेली माणसंही तिथं उभी असतात, ती ऐकतात. पट बंद होते त्या वर्षांतही आमच्या गावानं नाटकाची रात्र सोडली नाही, पण दुपार सुनी गेल्यासारखी वाटायची.

उभं कुठं राहायचं? शेवटच्या टोकाला कधीच नाही. जोडी तिथं थांबत नाही, थांबवावी लागते, आणि कधी-कधी पट्टी सोडून गर्दीत शिरते. मुलांना बाजूच्या उंच धुऱ्यावर किंवा बैलगाडीवर बसवा. जोडी धावत असताना फोटोसाठी पट्टीच्या आत पाय टाकू नका.

चारच्या सुमारास बाजारात फिरा. आलूबोंडे, मुंगवडे, गरम भजे, फल्लीदाणे. वालाच्या आणि तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून मिळतात, त्या नक्की घ्या. मग घरी जाऊन तास-दोन तास झोपाच. न झोपता नाटकाला बसलेली माणसं पहिल्या अंकातच पेंगतात, आणि खरं नाटक दुसऱ्या अंकापासून चढतं.

तिकीट आणि जागा

रात्रीचं जेवण लवकर करा. बहुतेक घरी भात, वांग्याची भाजी, वरण, कुठं रोडगे असतात. पोट तुडुंब भरू नका, झोप येते.

तिकीट मंडपाच्या दाराशीच मिळतं. ओळखीच्या माणसानं "चला, असंच आत जाऊ" म्हटलं तरी तिकीट काढा. हे नाटक गावातल्या पोरांनी अंगावर घेतलेलं असतं. दोन पैसे उरले तर देवळाला, शाळेला, समाजमंदिराला लागतात. तोटा आला तर मंडळातलेच लोक खिशातून भरतात. माझ्या भावानं एका वर्षी असे पैसे भरलेले आहेत.

मंडपाची रचना पाहून घ्या, मला ती फार शहाणपणाची वाटते. बांदीतली माती खोदून पुढची जागा खोलगट करतात आणि मागं उंच होत जाते, म्हणजे मागच्याला पुढच्याचं डोकं आड येत नाही. पुढं खुर्च्या, त्यामागं भुईवर बैठक. खुर्चीचं तिकीट महाग. मी नेहमी भुईवर बसते आणि तुम्हालाही तेच सांगीन. खुर्चीवर पाय गारठतात, पाठ अवघडते आणि ब्लँकेट सरकत राहतं. भुईवर बोरी टाकून, मांडी घालून, दोघी-तिघींनी एक ब्लँकेट पांघरलं की ऊब धरून राहते. मूल मांडीवर झोपतं. आणि शेजारच्या बाया बोलायला लागतात. नऊ-साडेनऊला जाऊन मधली जागा धरा. फार पुढं भोंग्यांचा आवाज छातीत बसतो, फार मागं ये-जा चालू असते. बायांची बैठक बहुधा एका बाजूला वेगळी असते. मला तिथं कधी भीती वाटली नाही.

रात्रभर

स्टेजच्या पुढं वादक बसतात: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. ऑर्गनचे पहिले सूर निघाले की मंडपातला गलका आपोआप खाली बसतो. आधी मंडळाचा उद्घाटनाचा कार्यक्रम होतो, पाहुण्यांची भाषणं होतात, हार-नारळ होतात. त्याला तासभरही लागतो. चिडू नका, तेवढ्यात चहा घ्या.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला दोन गोष्टी खटकतात. कलावंत वाक्य बोलायला माईकखाली येतात, कारण माईक वरून टांगलेले असतात. आणि अभिनय मोठा असतो, आवाज मोठा, हातवारे मोठे. मुंबई-पुण्याच्या नाटकाचं माप इथं लावू नका. समोर हजारो माणसं उघड्या रानात बसलेली आहेत, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत रडणं पोचायचं आहे. पंधरा-वीस मिनिटं गेली की तुमचे डोळे त्या मापाला सरावतात.

कथा बहुतेक घरातली असते. भावाभावांची वाटणी, दारूनं बुडालेला संसार, लेकीचं लग्न, सावकार, गावचा पुढारी. मधे-मधे विनोदी पात्र येतं आणि ते झाडीबोलीत बोलतं. बाकीचे प्रमाण मराठीत बोलत असताना हा एकटा आमच्या घरातल्यासारखा बोलतो, म्हणून तो आल्याबरोबर लोक हसत सुटतात. 2023 मध्ये डॉ. परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीवरच्या कामासाठी पद्मश्री मिळाली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे ते. झाडीत विनोदी भूमिका म्हटलं की त्यांचं नाव आधी निघतं. झाडीबोली कळली नाही तर शेजारणीला विचारा, ती आनंदानं सांगते.

गाणं आवडलं की 'वन्समोर' येतो. बक्षीस देणाऱ्याचं नाव माईकवरून पुकारतात. नाच असतो, लावणी असते. काही नाटकांत नाच कथेवर कुरघोडी करतो आणि ते मला आवडत नाही. तशा वेळी मी मुलांना घेऊन शेकोटीशी जाते आणि अंक सुरू झाला की परत येते. तुम्हीही तसं करू शकता. नाचणाऱ्या मुलींचे मोबाइलवर व्हिडिओ काढू नका. त्या कामावर आहेत, रात्री कामावर आणि दिवसा पुढच्या गावाच्या प्रवासात.

एक रात्र मी बाजूला, विंगेला लागून बसले होते. कडेला एक माणूस मफलर गुंडाळून, टॉर्चच्या उजेडात वही धरून बसला होता. प्रॉम्प्टर. कलावंत आज एक नाटक करतात आणि उद्या दुसरं, त्यामुळे त्याच्याशिवाय चालत नाही. त्याचे ओठ सतत हलत होते, अर्धं वाक्य पुढं. आईचं काम करणारी बाई रडता-रडता थांबली. प्रेक्षकांना ती दाटून आल्यासारखी वाटली, मंडपात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्यानं तीन शब्द पुढं सरकवले, तिनं ते उचलले आणि माझ्या मागं कुणीतरी हुंदका दिला. मी जवळ होते म्हणून मला दोन्ही ऐकू आलं. एकदा तरी असं कडेला बसून पाहा.

मध्यंतर साधारण दोनच्या पुढं. तेव्हा उठाच, पाय मोकळे करा, चहा प्या, कानटोपी घाला. शेकोटीभोवती बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा ऐका. आमच्याकडे सोयरिकीची बोलणी नाटकाच्या गावीच निघतात. चार गावचे पाहुणे एका ठिकाणी असतात, पोरगा-पोरगी दिसते, घर दिसतं. माझ्या मामेबहिणीचं लग्न असंच एका मध्यंतरात चहावर ठरलं. तुमच्यासोबत लग्नाचा मुलगा असेल तर त्याची चौकशी होईल, राग मानू नका.

उजाडल्यावर

शेवटचा पडदा पडतो तेव्हा पूर्वेकडे फटफटलेलं असतं. लगेच गाडीत बसू नका. ज्यानं रात्रभर नाटक पाहिलं त्यानं गाडी चालवू नये. एका ड्रायव्हरनं मध्यंतरानंतर घरी जाऊन झोपायचं हे आदल्या दिवशीच ठरवा. धुकं उठेपर्यंत थांबा, चुलीवरचं गरम पाणी अंगावर घ्या, पोहे खा.

अंगात त्राण असेल तर परतताना एक वळण घेता येतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगाव बांधचा तलाव आहे, हिवाळ्यात तिथं पाहुणे पक्षी उतरतात. त्याच तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, धानाच्या शिवारात एकदम प्रार्थनेच्या पताका दिसतात. महाशिवरात्रीच्या सुमारास आलात तर चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठी मार्कंड्याची मोठी यात्रा भरते, पण तिथं गर्दी इतकी असते की नाटक आणि यात्रा एकाच दिवशी जोडू नका.

पश्चिम विदर्भातल्या वाचकांना एवढा प्रवास लांब पडेल. यवतमाळकडे दिवाळीच्या दिवसांत गोंड-कोलाम वस्त्यांवर दंडार असते, तिथं पाहुणे म्हणून जाता येतं, मात्र आधी गावच्या माणसांची परवानगी घ्यावी. तो त्यांचा देवाचा नाच आहे. अमरावतीला 20 डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला कीर्तन-भजन ऐकायला मिळतं. पण वर्षातून एकदा तरी वैनगंगेच्या काठी या.

निघताना घरची बाई पिशवीत काहीतरी घालेल. बहुतेक वेळा नवे तांदूळ, कधी शिंगाडे, कधी लाखोळीची डाळ. दोनदा नको म्हणा, तिसऱ्यांदा घ्या. अंगणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडा. आणि घरी पोचलात की झोपायच्या आधी त्यांना एक फोन करा. रस्ता जंगलाचा आहे, तुमचा फोन येईपर्यंत ती माणसं वाट पाहत बसतात.